जग घडवणाऱ्या माणसांची अल्पचरित्रं दीडशे शब्दांत : काय लिहायचं, कुठे घसरतं

तापीकाठ

राम राम मंडळी. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यातल्या काही गावांच्या वाचनालयांत जगाच्या इतिहासाला वळण देणाऱ्या माणसांचे फलक लावायचं घाटतं आहे. बारा फलक, प्रत्येक तीन फूट उंच, दोन फूट रुंद, मजकूर दीडशे शब्द. वाचणारी मुलं सातवी ते दहावीची.

नेपोलियन, आइन्स्टाइन आहेतच. पण निम्मी माणसं अशी घेतली आहेत की त्यांचं काम आपल्या शिवारात डोळ्यांनी दिसतं. कापसासाठी एली व्हिटनी, युरियासाठी हाबर आणि बॉश, देवीच्या लसीसाठी जेनर, गव्हासाठी बोरलॉग, इंजिनासाठी वॅट, छापील पुस्तकासाठी गुटेनबर्ग.

व्हिटनीचा कच्चा मजकूर असा झाला आहे, चुका काढा :

"एली व्हिटनी हे महान अमेरिकन संशोधक होते. लहानपणापासूनच ते अत्यंत बुद्धिमान होते. १७९३ मध्ये त्यांनी कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचा शोध लावून जगात क्रांती घडवली. या यंत्रामुळे गुलामांचे कष्ट वाचले. यंत्रामुळे ते अतिशय श्रीमंत झाले. आजही खानदेशातील जिनिंगमध्ये त्यांचेच यंत्र चालते."

सरकी_रुई

तापीकाठ भाऊ, सहा वाक्यांतली पहिली दोन कुणाच्याही चरित्रात चिकटवता येतील, म्हणून ती काढाच. तिसऱ्याला पुस्ती हवी आणि उरलेली तिन्ही चुकीची आहेत. एकेक घेतो.

"सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचा शोध" हे असं मोघम लिहिलं की वाटतं, त्याआधी माणसं फक्त बोटांनी सरकी काढत होती. आपल्याकडचा रेचा त्याच्या कितीतरी शतकं आधीचा. दोन रूळ एकमेकांच्या उलट फिरतात, रुई मधून पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. अमेरिकेतही रुळांची यंत्रं होती. अडचण होती ती आत मुलखात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची. त्याची रुई सरकीला घट्ट धरून बसते आणि नुसत्या रुळांनी नीट सुटत नाही. व्हिटनीने सोडवला तो हा प्रश्न.

कसा, ते दोन वाक्यांत बसतं. लाकडी दंडगोलावर तारेचे आकडे. समोर फटी असलेली पट्टी, फट इतकी अरुंद की आकडा रुई घेऊन पार जातो पण सरकी अडते. मागून उलट फिरणारा ब्रश आकड्यांवरची रुई झाडून घेतो. ब्रश नसता तर चार फेऱ्यांत आकडे रुईने भरले असते आणि यंत्र तुंबलं असतं.

"गुलामांचे कष्ट वाचले" हे तर पार उलटं. सरकी काढणं सोपं झालं, म्हणून कापूस पेरणं फायद्याचं झालं, आणि लावणी, खुरपणी, वेचणी मात्र हातानेच राहिली. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाखांच्या आसपास. वाढ एकट्या या यंत्राने झाली असं म्हणायचं नाही, पण कापसाने गुलामगिरीला बळ दिलं हे फलकावर आलंच पाहिजे. ते वगळलं तर या माणसाने इतिहास कुठे बदलला तेच सांगायचं राहून जातं.

"श्रीमंत झाले" हेही नाही. पेटंट १४ मार्च १७९४ चं. व्हिटनी आणि त्याचा भागीदार फिनियस मिलर यंत्र विकत नव्हते. स्वतः जिन (सरकी काढायचं यंत्र) चालवायचे आणि मोबदल्यात कापसाचा दोनपंचमांश वाटा मागायचे. शेतकऱ्यांना तो जाच वाटला आणि यंत्र इतकं साधं की गावचा लोहार-सुतार पाहून तसंच बनवू शके. नकला झाल्या, खटले वर्षानुवर्षं चालले, १८०७ मध्ये हक्क शाबीत झाला तोवर मुदत संपत आली होती. १८१२ मध्ये मुदतवाढही नाकारली गेली. पुढे पैसा मिळाला तो सरकारला बंदुका पुरवून.

सरकी_रुई

शेवटचं वाक्य राहिलं होतं, आणि आपल्याकडे ते सगळ्यात आधी पकडलं जाईल. जळगाव-धुळ्याच्या जिनिंगमध्ये जवळपास सगळीकडे डबल रोलर चालतात. ते व्हिटनीच्या घराण्यातले नाहीत. त्यांचं मूळ फोन्स मॅकार्थी याच्या १८४० च्या पेटंटमध्ये आहे. चामड्याच्या चकत्यांचा रोलर, त्याला घासून बसलेली स्थिर सुरी आणि हलणारी दुसरी सुरी. रोलर रुई ओढतो, सरकी स्थिर सुरीपाशी अडते, हलती सुरी तिला ठोकर देऊन सोडवते. व्हिटनीच्या आकड्यांच्या जागी पुढे गोल करवतीची पाती आली, तो सॉ जिन. तो भराभर चालतो पण धागा जास्त तुटतो. म्हणून वाक्य असं करा : "सॉ जिनचे मूळ व्हिटनीच्या यंत्रात आहे, खानदेशात चालणारे डबल रोलर जिन मॅकार्थीच्या पद्धतीचे."

दादरची_भाकर

सरकी_रुई दादा, एका दिवसात पन्नास पौंड कापूस साफ व्हायचा असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते घ्यावं का?

सरकी_रुई

ताई, त्यापेक्षा व्हिटनीचं स्वतःचं म्हणणं घ्या. ११ सप्टेंबर १७९३ ला वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की हाताने फिरवलं तर जुन्या रीतीच्या दहापट काम होतं आणि घोडा जोडला तर एक माणूस पन्नास जणांचं काम करतो. दहापट आणि पन्नासपट यांतला फरक घोड्याचा आहे. नुसतं "पन्नासपट" लिहिलं की तो घोडाच गायब होतो. शिवाय हा इनव्हेंटरचा आपल्या यंत्राबद्दलचा दावा आहे, तेव्हा "व्हिटनीच्या म्हणण्यानुसार" हे दोन शब्द सोडू नका.

पिंपळनेरकर

रचनेबद्दल. मराठी विश्वकोशातल्या चरित्रनोंदी उघडून पाहा. नावानंतर लगेच कंसात जन्म आणि मृत्यूची तारीख, मग एका वाक्यात ओळख, मग जन्मगाव, शिक्षण, काम. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या पिंपळनेरचे, त्यामुळे हा साचा खानदेशाने हक्काने उचलावा.

फलकासाठी तो साचा थोडा वळवावा लागेल. दीडशे शब्दांची माझी वाटणी अशी : तारखा आणि ओळख वीस शब्द, त्याआधी परिस्थिती काय होती ते पंचवीस, त्याने नेमकं काय केलं आणि ते कसं चालतं ते पन्नास, परिणाम बरा-वाईट दोन्ही चाळीस, आणि आपल्या मुलखाशी नातं पंधरा. शिक्षण आणि भावंडं यांना जागा नाही. बालपण फक्त तेव्हाच, जेव्हा पुढच्या कामाशी त्याचा सांधा जुळतो.

दुसरं, "तो" की "ते". आपल्या लिखाणात गांधीजी "ते" आणि न्यूटन "तो" असतो. फलकावर ही सरमिसळ नको, मुलं लगेच विचारतात. बाराही जणांना "त्यांनी" लावा, हाबरलासुद्धा. इथे चर्चेत बोलताना काहीही चालेल.

जुनी_दिनदर्शिका

तारखांच्या सापळ्याकडे लक्ष द्या, फलक एकदा छापला की दुरुस्ती नाही.

इंग्लंड आणि त्याच्या वसाहती १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन कालगणनेवर होत्या, रशिया १९१८ पर्यंत. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन तारखा सापडतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. न्यूटन जुन्या पद्धतीने २५ डिसेंबर १६४२, नव्या (ग्रेगोरियन) पद्धतीने ४ जानेवारी १६४३. जेम्स वॅट जुन्या पद्धतीने १९ जानेवारी १७३६, नव्याने ३० जानेवारी. लेनिन १० एप्रिल १८७०, नव्याने २२ एप्रिल. रशियाची "ऑक्टोबर क्रांती" नव्या तारखेने ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली ती यामुळेच.

यातून एक गोड वाटणारी चूक जन्मते : "ज्या वर्षी गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला." गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला गेला, ही तारीख इटलीच्या नव्या गणनेची. न्यूटनचं १६४२ हे वर्ष जुन्या गणनेचं. दोघांना एकाच पंचांगात बसवलं की न्यूटन १६४३ मध्ये येतो आणि योगायोग उरत नाही. शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस यांच्या २३ एप्रिल १६१६ चंही तसंच. शेक्सपिअरची ती तारीख इंग्लंडच्या जुन्या गणनेची आणि स्पेन तेव्हा नव्या गणनेवर, म्हणजे तारीख एक असली तरी दिवस एक नव्हे.

उपाय सोपा. बाराही फलकांवर नवी तारीख द्या आणि जिथे फरक आहे तिथे "(नवी गणना)" एवढंच लिहा.

गिरणाकाठी

हाबरला घ्यावं का याबद्दल माझं मन तयार होत नाही. ज्याने रणांगणावर विषारी वायू सोडायला लावला त्याचा फलक मुलांसमोर लावायचा?

केळीबाग

गिरणाकाठी ताई, शंका रास्त आहे. पण "जग घडवणारे" म्हणजे "पूजनीय" नव्हे हे या फलकांतून मुलांना कळायला हवं, आणि त्यासाठी हाबरइतकं दुसरं उदाहरण सापडणं अवघड. त्याला वगळलं तर युरियाच्या गोणीमागे काय आहे तेही वगळलं जातं.

आधी रसायन. युरिया अमोनियापासून बनतो आणि अमोनियाला नत्र लागतं. हवेत ७८ टक्के नत्र आहे पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला ते घेता येत नाही. फ्रिट्झ हाबर (९ डिसेंबर १८६८, ब्रेस्लाऊ – २९ जानेवारी १९३४, बाझेल) याने एक भाग नत्र आणि तीन भाग हायड्रोजन मोठ्या दाबाखाली, पाचशे अंशांहून जास्त तापमानात, ऑस्मियम या उत्प्रेरकावरून (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) फिरवले. २ जुलै १९०९ ला कार्ल्सरूहेच्या प्रयोगशाळेत त्याने बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या माणसांना अमोनिया थेंबाथेंबाने पडताना दाखवला, तासाला सुमारे १२५ मिलिलिटर. मधलं उपकरण उभं करण्यात रॉबर्ट ले रॉसिन्योल या त्याच्या सहकाऱ्याचा हात होता, ते नाव चार शब्दांत तरी यावं.

थेंबांचे टन केले कार्ल बॉशने, आणि ही गोष्ट मुलांना फार आवडेल असं मला वाटतं. पोलादाची दाबनळी जेमतेम ऐंशी तास टिकायची आणि फुटायची. कारण असं सापडलं की तापलेला दाबातला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खेचून घेतो, पोलाद ठिसूळ होतं. बॉशने नळीच्या आत मऊ, कार्बन जवळजवळ नसलेल्या लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या जाड पोलादाला बारीक भोकं पाडली. अस्तरातून पाझरलेला हायड्रोजन भोकांतून निघून जातो, पोलादात साठत नाही. दाब सहन करायला बाहेरची नळी, वायूशी गाठ पडायला आतली. इकडे आल्विन मिटाशने हजारो प्रयोग करून महागड्या ऑस्मियमऐवजी लोखंडाचा उत्प्रेरक शोधला. १९१३ मध्ये ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला.

आता आपल्याकडचा हिशेब. केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस असते. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे सगळं नत्र युरियातून धरलं तर झाडाला ४३५ ग्रॅम. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडं, म्हणजे सुमारे १९ क्विंटल ३३ किलो, ४५ किलोच्या ४३ गोण्या. हा आकडा रावेरच्या पोराला एका क्षणात समजतो, "जगाच्या अन्नोत्पादनात मोलाची भर" याने काही समजत नाही. फक्त तळाला लिहा की हा हिशेब समजण्यापुरता आहे, खताचा सल्ला नाही. नाहीतर उद्या कुणी फलक वाचून खत टाकेल.

गिरणाकाठी

हिशेब पटला. पण मग दुसरी बाजूही तितक्याच स्पष्ट शब्दांत हवी.

केळीबाग

नक्कीच. अमोनियापासून नायट्रिक आम्ल, त्यापासून स्फोटकं. पहिल्या महायुद्धात चिलीचा सोरा (नत्र असलेला खनिज क्षार) समुद्रमार्गे येणं बंद झालं तरी जर्मनी लढत राहिला तो याच्या जोरावर. आणि २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ दीडशे टनांहून जास्त क्लोरीन सोडला गेला तेव्हा हाबर स्वतः आघाडीवर हजर होता. दहा दिवसांनी, २ मे रोजी त्याची पत्नी क्लारा इमरवार, जी स्वतः रसायनशास्त्रज्ञ होती, तिने जीव दिला. तिने मागे काय लिहिलं, का केलं यावर बरंच रचून सांगितलं जातं, त्यात शिरू नका, तारीख आणि घटना पुरे.

एक चूक हमखास होते : "हाबरने नाझींसाठी वायू बनवला." तो ज्यू कुळातला होता, १९३३ मध्ये पद सोडून जर्मनीबाहेर गेला आणि १९३४ च्या जानेवारीत वारला.

दादरची_भाकर

बोरलॉगचा फलक हाबरच्या शेजारीच लावा. दोन्ही एकमेकांशिवाय अर्धे आहेत. उंच गव्हाला नत्र जास्त दिलं की ओंबी जड होते आणि पीक लोळतं. नॉर्मन बोरलॉगने (२५ मार्च १९१४ – १२ सप्टेंबर २००९) मेक्सिकोत जपानच्या नोरिन १० या बुटक्या गव्हाचं रक्त स्थानिक वाणांत आणलं. काडी आखूड झाली, खत पचवून उभी राहू लागली. वर्षात दोन हंगाम घेण्यासाठी तो एकच बियाणं मेक्सिकोत दोन अगदी वेगळ्या जागी पेरायचा, सोनोराच्या सखल सपाटीत आणि तोलुकाजवळच्या उंच पठारावर. त्यामुळे वेळ वाचला आणि दिवस लहान-मोठा झाला तरी बिघडणार नाही असे वाण हाती आले, म्हणून ते भारतातही चालले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं. १९७० चं नोबेल शांततेचं होतं, शेतीचं नोबेल नसतंच. भारतातल्या कामासाठी एम. एस. स्वामिनाथन यांचं नाव त्याच फलकावर हवं.

सातपुडा_वारा

जेनरबद्दल थोडं. मराठीत "देवी" म्हणजे स्मॉलपॉक्स आणि "कांजिण्या" म्हणजे चिकनपॉक्स. भाषांतरं करताना हे दोन सतत अदलाबदल होतात, तपासा. गाईच्या रोगाला "गोस्तन देवी" हा जुना शब्द आहे, तोच वापरा.

१४ मे १७९६ ला एडवर्ड जेनरने सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. १ जुलैला त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला आणि देवी आल्या नाहीत. आजच्या नियमांत असा प्रयोग बसत नाही, हेही एका ओळीत सांगावं. "पहिला" हा शब्द मात्र टाळा. बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने १७७४ मध्येच घरच्यांना गोस्तन देवी टोचल्या होत्या. जेनरचं श्रेय याचं की त्याने ते पडताळून पाहिलं, १७९८ मध्ये छापलं आणि जगभर पाठवलं. "विषाणूचा शोध" तर मुळीच लिहू नका, विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

आपल्याशी नातं असं : लस उष्णतेने वाटेतच निकामी व्हायची, म्हणून ती माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत ठेवत बगदाद, बसरामार्गे आणली. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली, भारतातली पहिली. तिथून पुढे देशभर गेली. ८ मे १९८० ला जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

जुनी_दिनदर्शिका

बाकीच्यांचं थोडक्यात.

वॅटने वाफेचं इंजिन शोधलं नाही आणि किटलीच्या वाफेवरून कल्पना सुचल्याची गोष्ट पुरावा म्हणून वापरण्याजोगी नाही. त्याच्या आधीच्या, न्यूकोमेनच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला अख्खा सिलिंडर थंड व्हायचा, पुन्हा तापवण्यात कोळसा जळायचा. वॅटने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं, पेटंट १७६९. भुसावळ आहे म्हणून वॅटला आगगाडी जोडू नका, तो जास्त दाबाच्या वाफेच्या विरोधातच होता. रुळांवर वाफेचं इंजिन पहिल्यांदा चालवलं ते रिचर्ड ट्रेविथिकने, २१ फेब्रुवारी १८०४.

नेपोलियन बुटका नव्हता. पाच फूट दोन इंच ही फ्रेंच मापातली उंची, आणि फ्रेंच इंच मोठा. सेंटिमीटरमध्ये ती १६८ च्या आसपास येते. आइन्स्टाइन गणितात नापास झाला नव्हता. १९२१ चं नोबेल त्याला मिळालं ते प्रकाशविद्युत परिणामासाठी (प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणं), सापेक्षतेसाठी नाही.

गुटेनबर्गचं त्याच्या हयातीतलं एकही चित्र नाही. दाढीवाला जो चेहरा सगळीकडे दिसतो तो नंतरचा, कल्पनेतला. त्याखाली "काल्पनिक चित्र" लिहा. आणि धातूचे सुटे खिळे कोरियात आधी होते, तिथलं १३७७ चं छापील पुस्तक आजही आहे.

खिळे_ते_फ्लेक्स

छपाईत काय बिघडतं ते सांगतो. युनिकोडमधला मजकूर फ्लेक्सवाल्याकडे त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलला की "ऱ्य", "ॲ" आणि र-फार तुटतात. "कार्ल्सरूहे", "ट्रेविथिक", "ॲना" हे शब्द पहिले मोडतील. म्हणून टाइप करून पाठवू नका. घरीच मांडणी करा, अक्षरांचे कर्व्ह करा (म्हणजे अक्षरं चित्रासारख्या रेषांत बदला), पीडीएफ द्या. मग बदलायला काही उरतच नाही.

दोन फूट रुंदीत कडा सोडून ४८ पॉइंटला ओळीत साधारण बारा शब्द बसतात. दीडशे शब्दांच्या तेरा-चौदा ओळी, उंची एक फुटाच्या थोडी वर. ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, कारण वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. नाव दोन इंचांचं. उरलेल्या जागेत चित्राऐवजी आकृती असेल तर जास्त बरं : व्हिटनीसाठी आकडा, फट आणि ब्रश, बॉशसाठी अस्तर आणि भोकं.

उन्हात फ्लेक्स लावू नका, आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात रंग उडतो. आत, सनबोर्डवर.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिटनीचा नवा मजकूर :

"एली व्हिटनी (८ डिसेंबर १७६५ – ८ जानेवारी १८२५). अमेरिकन यंत्रकार. भारतात रेच्याने सरकी काढण्याची रीत फार जुनी होती. पण अमेरिकेतील आखूड धाग्याच्या कापसाची रुई रुळांनी सुटत नसे. १७९३ मध्ये व्हिटनी यांनी आकड्यांचा दंडगोल, अरुंद फटींची पट्टी आणि उलट फिरणारा ब्रश जोडून ती सोडवली. त्यांच्या म्हणण्यानुसार हाताने दहापट, घोडा जोडल्यास पन्नासपट काम होई. यंत्राच्या नकला झाल्या. त्यातून त्यांना फारसा पैसा मिळाला नाही. कापूस फायद्याचा ठरला आणि तो पिकवण्यासाठी गुलामगिरी वाढली : १७९० मध्ये सुमारे सात लाख गुलाम, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाखांच्या आसपास. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस थांबला आणि खानदेशच्या कापसाला भाव चढला. सॉ जिनचे मूळ व्हिटनी यांच्या यंत्रात आहे. आपल्याकडील डबल रोलर जिन मॅकार्थी यांच्या पद्धतीचे."

सरकी_रुई

छान झालं. "खानदेशच्या कापसाला भाव चढला" याच्यापुढे "आणि १८६५ नंतर कोसळला" एवढं घाला. शब्दमर्यादा ओलांडली तर "अमेरिकन यंत्रकार" काढा, ते पुढच्या ओळीवरून कळतंच.

पिंपळनेरकर

आणि फलकाचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर येऊ द्या. मोठ्यांच्या उंचीने ठोकले तर सातवीच्या पोरांना वरच्या ओळी मान उंच करून वाचाव्या लागतात.